लांब पोळीचं लांबलचक उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमच्या गावात, उमरेडकडे, आईच्या-आजीच्या वयाच्या पाचसहा बाया उलट्या मडक्यावर लांब पोळी करतात, लग्नाकार्यात त्यांनाच बोलावणं असतं, आणि मागच्या महिन्यात नागपूरचा एक हॉटेलवाला येऊन त्यातल्या एका मावशीचा व्हिडिओ काढून घेऊन गेला नि आता त्याच्या मेनूवर मावशीचा फोटो आणि खाली "आजीची अस्सल मटका रोटी". तुम्हाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत : जीआय टॅग (वस्तू अमक्या भागाचीच आहे अशी सरकारी नोंद) मिळतो का, युनेस्कोच्या जपायच्या परंपरांच्या यादीत नाव लागतं का आणि त्याच्यावर केस करता येते का.

मी वर्धा जिल्ह्यातली. गेली बावीस वर्षं बचत गटांसोबत खायच्या पदार्थांचंच काम करते, पापड-कुरडई-सरगुंड्यांपासून लग्नाच्या रांधणापर्यंत. वकील नाही, पण या कागदांच्या मागे बऱ्याच चपला झिजवल्यात म्हणून लिहिते. आणि आधीच सांगते, तुमच्या प्रश्नात शेवटी एक वाक्य आहे, "त्यांच्यानंतर करणारं कोणी नाही", तो खरा प्रश्न आहे असं मला वाटते. बाकीचे तीन त्याच्या अंगावरचे कपडे आहेत. पण विचारलंत तर एकेक घेऊ.

हॉटेलवाल्यापासून सुरू करते कारण राग तिथलाच दिसतो. पदार्थ कसा करायचा यावर कोणाचीच मालकी नसते, ना तुमच्या मावशीची ना त्याची. कॉपीराइट असतो तो लिहिलेल्या मजकुराला, फोटोला, व्हिडिओला, करायच्या पद्धतीला नाही. पेटंट म्हणाल तर आपल्या पेटंट कायद्यात पारंपरिक ज्ञानावर पेटंट देताच येत नाही अशी तरतूद आहे, म्हणजे तुम्हाला मिळणार नाही आणि त्यालाही नाही, हे एका अर्थी बरंच आहे. तुम्हाला हळदीचं आठवत असेल, अमेरिकेत १९९५ साली हळदीनं जखम भरते या गोष्टीवर पेटंट दिलं गेलं होतं, मग आपल्या सीएसआयआर या सरकारी विज्ञान संस्थेनं जुने ग्रंथ, जुने लेख पुढे ठेवले आणि १९९७ ला ते रद्द झालं. आपल्या घरात पोराचं बोट कापलं की आई काय लावते हे सगळ्यांना माहीत होतं, पण तिथे चाललं ते लिहिलेलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

म्हणून त्यानं लांब पोळी विकणं थांबवता येणार नाही. पण मावशीला न विचारता तिचा चेहरा मेनूवर छापला ही वेगळी गोष्ट आहे, तिथे तुमचं बोलणं बरोबर आहे आणि त्यासाठी वकिलाला एकदा विचारून घ्या. मी मात्र केसनं सुरुवात करणार नाही. आमच्या गटातल्या एका काकूचं असंच झालं होतं, एका धाबेवाल्यानं तिचा फोटो फ्लेक्सवर लावला. पोरं भांडायला निघाली होती. आम्ही चौघी बाया तिथे जेवायला गेलो, जेवलो, बिल दिलं आणि मग विचारलं की बाबा, ही काकू इथे बसली आहे, हिच्या हातची पोळी कुठे आहे? तो ओशाळला. शेवटी ठरलं असं की रविवारी काकू आणि तिची सून येऊन करतील, मजुरी रोख आणि गाडीभाडं वेगळं. दीड वर्ष चाललं ते. नेहमी असं होईल असं नाही, मालक कसा आहे त्यावर आहे, पण पहिला फोन वकिलाचा गेला असता तर फ्लेक्स उतरला असता आणि काकूला छदाम मिळाला नसता.

आता जीआय. तुमच्या शेजारच्या भिवापूरच्या मिरचीला आहे, आमच्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला आहे, नागपूरच्या संत्र्याला आहे, म्हणून तुम्हाला वाटलं असेल की आपल्या पोळीलाही मिळेल. मिळू शकतो का? केलेल्या पदार्थांना मिळतो हे खरं आहे. बिकानेरी भुजियाला आहे, तिरुपतीच्या लाडवाला आहे, हैदराबादी हलीमला २०१० साली मिळाला आणि त्यात विटामातीची भट्टी, तांब्याचं भांडं, लाकडाची आच, बारा तास शिजवणं असं सगळं लिहिलेलं आहे. म्हणजे पद्धत लिहून देता येते. अडचण दुसरीकडे आहे.

जीआयचा कायदा १९९९ चा, लागू झाला २००३ पासून, आणि त्यात अर्ज एकट्या माणसाला करताच येत नाही. उत्पादकांची संघटना लागते किंवा त्यांच्या वतीनं एखादी संस्था. मग चेन्नईच्या कार्यालयाला पटवून द्यावं लागते की या वस्तूचा गुण किंवा नाव या जागेमुळेच आहे, इथली माती-पाणी-हवा किंवा इथल्या माणसांचं कसब, त्याचा नकाशा द्यायचा, जुने पुरावे द्यायचे, माल तसाच आहे हे कोण तपासणार ते लिहायचं. मग ते त्यांच्या जर्नलमध्ये छापतात, तीन महिने कोणालाही आक्षेप घेता येतो. मिळालं की दहा वर्षं, मग पुन्हा नूतनीकरण. आणि नोंदणी झाल्यावर प्रत्येक करणाऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळं नाव लावावं लागते, हे बहुतेकांना माहीतच नसते, सर्टिफिकेट एका संस्थेच्या भिंतीवर लटकते आणि करणारी बाई तशीच राहते.

मिरची-हळदीचं सोपं आहे, माती दाखवता येते. पोळीचं काय दाखवाल? एक गंमत सांगते. आम्ही एकदा हौसेनं असा कागद लिहायला बसलो होतो, अर्ज वगैरे काही नव्हता, नुसतं आपलं लिहून ठेवू म्हणून. पहिलाच रकाना, गहू कोणता? सगळ्या बाया एका सुरात, "लोकवन! लोकवनाशिवाय तार येत नाही." तार येणं म्हणजे पीठ न तुटता लांब ओढलं जाणं. आता लोकवन म्हणजे लोक-१, हे वाण गुजरातमधल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेचं, १९८० च्या आसपास पसरलं. म्हणजे आपल्या अस्सल वऱ्हाडी-झाडी पोळीचा गहू गुजरातचा! तिथेच एक नव्वदीतली आजी बसली होती, ती म्हणाली आमच्या वेळी बन्सी होता, कोरडवाहू, त्याची पोळी लालसर यायची आणि इतकी लांब जात नव्हती. म्हणजे आज जी कोपरापर्यंत ओढलेली पारदर्शक पोळी आपण परंपरा म्हणून दाखवतो ती कदाचित नव्या गव्हानं आणखी लांब झालेली आहे. मला यात काही वाईट वाटत नाही, परंपरा अशीच चालते, पण अर्जात "अनादी काळापासून" लिहिणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावं.

दुसरा रकाना, मीठ-पाण्याचं प्रमाण. इथे तर भांडणच झालं. दोन गावच्या बाया, एक म्हणते पीठ भिजवून तासभर ठेवायचं, दुसरी म्हणते ठेवलं तर ढिलं पडते, लगेच घ्यायचं. कोणाचं लिहायचं? ज्याचं लिहाल ती अस्सल, दुसरी नकली. हा जीआयचा तोटा कोणी सांगत नाही. कागदावर एक पद्धत बसली की बाकीच्या दहा पद्धती बेकायदेशीर नाही झाल्या तरी बेवारस होतात. रसगुल्ल्याचं पाहा, बंगालला २०१७ ला मिळाला, ओडिशानं भांडून २०१९ ला आपला वेगळा घेतला. दोघांचंही प्रमाणपत्र खरं. पहिल्यांदा कोणी केला हे त्यातून ठरलंच नाही, कारण जीआय ते ठरवतच नाही.

आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठी गोची. लांब पोळी एकट्या तुमच्या गावाची नाही. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर सगळीकडे होते, कोणी लांब रोटी म्हणते, कोणी मटका रोटी, पुरण भरलं की काही ठिकाणी मांडे म्हणतात. एका गावाच्या नावानं मिळणं मला कठीण दिसते. सगळ्या पट्ट्याच्या नावानं करायचं तर चारपाच जिल्ह्यांतल्या बायांची संघटना उभी करावी लागेल. आणि समजा झालंच, तर तो हॉटेलवाला कुठे आहे? नागपुरात. म्हणजे नकाशाच्या आत. तो तुमच्याआधी अधिकृत वापरकर्ता होईल, कारण फॉर्म भरायला त्याच्याकडे माणूस आहे.

म्हणून नाव वाचवायचं असेल तर माझा सल्ला वेगळा आहे. बायांचा गट करा, गटाला एक नाव द्या, आणि त्या नावाचा साधा ट्रेडमार्क घ्या. उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंद) असली की ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे ४५०० रुपये, नसली तर ९०००, वकिलाचे वेगळे. पोळी कोणीही करो, पण "अमक्या गटाची पोळी" ही तुमचीच राहते. हेही लगेच करू नका. आधी विकायला काही तरी असू द्या. लांब पोळी डब्यात भरून पाठवता येत नाही, तासाभरात वातड होते, तिचं दुकान म्हणजे ती बाई स्वतः. पाकिटात विकायचंच असेल तर सरगुंडे घ्या, म्हणजे काडीवर वळलेल्या गव्हाच्या शेवया, वाळवलेले असतात, टिकतात, रसाच्या दिवसांत पुण्या-मुंबईकडून मागणी असते आणि काडीवर वळायचं कसब तुमच्याच बायांच्या हातात आहे. फूड लायसन्सची साधी नोंदणी तेवढी करून घ्या, नाहीतर दुकानदार ठेवत नाही.

युनेस्कोबद्दल दोन शब्दच सांगते कारण तिथे आपल्या हातात फार नाही. २००३ च्या करारातून ती यादी निघाली, आणि तिथे पदार्थाचं नाव लागत नाही, माणसं एकत्र येऊन जे करतात ते लागते. दक्षिण कोरियाचं २०१३ चं नाव किमचीला नाही, किमजांगला आहे, म्हणजे हिवाळ्याआधी घरोघरी मिळून किमची, म्हणजे त्यांचं भाजीचं लोणचं, घालणं आणि वाटणं. नेपल्सचं २०१७ चं पिझ्झ्याला नाही, पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला आहे. फ्रान्सचं २०१० चं तर सणासुदीला एकत्र बसून जेवण्याच्या रीतीला. युक्रेनच्या बोर्श्ट नावाचं सूप करायच्या रीतीला २०२२ मध्ये तातडीनं जपायच्या यादीत घेतलं, युद्धानं माणसंच गाव सोडून पांगली म्हणून. आपल्याकडून नाव सरकार पाठवते, गाव नाही, आणि रांग मोठी आहे. आपल्या देशाची स्वयंपाकघराच्या जवळची नोंद आठवायची तर पंजाबातल्या जंडियाला गुरूच्या ठठेऱ्यांची, २०१४ ची, तांब्या-पितळेची भांडी ठोकून घडवणारे लोक. मला ही नोंद फार आवडते, कारण तिथे जेवणाआधी भांडं करणाऱ्याला मान मिळाला. आणि नाव लागलं म्हणून कोणाची मालकी होत नाही, दुसऱ्याला बंदी होत नाही, पैसे आपोआप येत नाहीत.

तर आतापर्यंतचं एका दमात : केसनं पोळी थांबत नाही, जीआय तुमच्या गावापुरता जमण्यासारखा नाही, युनेस्को आपल्या हातात नाही, गटाचं नाव मात्र जपता येते.

आता खरा प्रश्न, त्यांच्यानंतर कोण.

लांब पोळी जवळून पाहिली असेल तुम्ही, पण जेवणारा पाहतो आणि करणारी करते यात फरक आहे. पीठ दोनदा वस्त्रगाळ. मीठ घालून सैल भिजवायचं, इतकं सैल की नवी पोरगी म्हणते बिघडलं. मग परातीत ते उचलायचं नि आपटायचं, उचलायचं नि आपटायचं, अर्धा-पाऊण तास, खांदे भरून येतात. मध्येच म्हातारी पाण्याचा हात लावून चिमूटभर ओढून पाहते नि म्हणते, "तुटून राह्यलं अजून, मार त्याले." तार यायला लागली की गोळा ओल्या हातावर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर झेलत झेलत तो मनगटावरून कोपराकडे उतरत जातो, आणि बरोबर पडायच्या क्षणी मडक्यावर टाकायचा. मिनिटभरात झाली, घडी घालून काढली की दुसरी. खाली चूल फणफणत असते, तोंडावर धग, डोळ्यांत धूर, आणि लग्नाला चारशे पान. मे महिन्यात. "परंपरा टिकवा" म्हणणाऱ्यांनी त्या चुलीजवळ अर्धा तास बसून पाहावं असं मला नेहमी वाटते.

म्हणून पोरी शिकत नाहीत. त्यांना कळत नाही असं नाही, त्यांना चांगलंच कळते. आईला पंगतीनंतर सगळ्यात शेवटी जेवायला बसवतात हे पोरगी लहानपणापासून पाहते. मजुरी पिठाच्या किलोवर ठरते, मंडपवाला त्यात अर्धी कापतो. आम्ही दोन-तीन ठिकाणी एवढंच केलं की दर गटानं ठरवायचा, मंडपवाल्यानं नाही, आणि सोबत एक शिकाऊ पोरगी येईल तिलाही अर्धी मजुरी द्यायची. त्या पोरींपैकी दोघी आज स्वतः ऑर्डर घेतात. बाकीच्या तिघी नाही आल्या, एकीनं तर सरळ सांगितलं ताई मले दुकानात बसायची नोकरी बरी. तिचंही खरं आहे.

आणि मडकं. याच्याबद्दल कोणीच विचारत नाही. एकदा नागपूरच्या एका प्रदर्शनात आम्हाला स्टॉल मिळाला, नेहमीचा कुंभार आजारी होता म्हणून बाजारातून पाण्याचे माठ घेतले, दिसायला छान, गुळगुळीत. पहिल्या तासात तीन तडकले. लोकं रांगेत उभे, आमच्या हातात पीठ आणि समोर ठिकऱ्या. वरून आयोजकांनी लाकडं पेटवू दिली नाहीत, गॅसची शेगडी दिली, तिची आच मधेच लागते, कडा थंड, पोळी मधे करपली नि बाजूला कच्ची. त्या दिवशी कळलं की आमच्या कुंभाराचं मडकं जाड बुडाचं असते, तो माती वेगळी मळतो आणि भट्टीत वेगळ्या जागी ठेवतो, हे त्यानं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं कारण आम्ही कधी विचारलं नव्हतं. त्याचा पोरगा आता सेंट्रिंगच्या कामावर जातो. पोळी करणाऱ्या पाच बाया असूनही मडकं करणारा गेला तर पोळी गेलीच समजा, लोखंडी उलट्या कढईवर होते ती निराळी गोष्ट आहे.

म्हणून तुम्हाला काय करायचं असेल तर लिहून ठेवा, हळदीच्या पेटंटच्या वेळी जे चाललं ते. पण रेसिपी लिहू नका, ती यूट्यूबवर शंभर आहेत. कोणी कोणाकडून शिकलं, माहेरी की सासरी, गहू कोणता नि आधी कोणता होता, मडकं कोणाचं, माती कोणत्या तळ्याची, चुलीत कोणतं लाकूड चालते नि कोणतं नाही, कोणत्या कार्याला ही पोळी लागतेच आणि कोणत्याला करत नाहीत. बायांचे शब्द जसेच्या तसे लिहा, शुद्ध करू नका. दोन बाया दोन गोष्टी सांगतील तर दोन्ही लिहा, निकाल देऊ नका. व्हिडिओ काढायचा तर आधी साध्या मराठीत एका पानावर लिहा की हा कशासाठी, कुठे दाखवणार, पैसे आले तर कोणाला, वाचून दाखवा, सही-अंगठा घ्या आणि एक प्रत तिच्याकडे ठेवा. नाहीतर हॉटेलवाल्यात आणि तुमच्यात फरक काय.

मग ग्रामपंचायतीत जा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक पंचायतीत एक समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला पाहिजे. बहुतेक ठिकाणी ती कपाटात असते, सचिवाला चावी शोधावी लागते. त्यात जुनं बियाणं, त्याचा वापर, त्याच्याशी जोडलेलं ज्ञान लिहायची जागा असते. बन्सी गहू तुमच्याकडे एखाद्या वावरात अजून असेल तर तिथे नोंदवून घ्या, पोळीसकट. तुमच्याच पूर्व विदर्भातलं उदाहरण आहे, नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी आपल्या छोट्या वावरात एक-एक लोंबी वेगळी काढून एचएमटी धान तयार केलं, घड्याळाच्या नावावरून नाव पडलं, देशभर पेरलं गेलं, आणि २०१८ साली गेले तेव्हा त्यांच्या हातात त्यामानानं काय होतं हे तुम्ही वाचलं असेल. कागद वेळेवर असणं-नसणं म्हणजे काय ते यातून समजते.

किती जमेल हे तुमच्या गावावर आहे. बाया पाच आहेत की त्यातल्या दोघीच अजून चुलीपुढे बसू शकतात, गावात लग्नं अजून अंगणात होतात की सगळी लॉनवर गेली, सरपंच ऐकणारा आहे की नाही, हे मला इथून दिसत नाही. पण सुरुवात मी कुंभारापासून केली असती. तुमच्या बायांना विचारा मडकं कुठून आणता, आणि त्याचं वय किती आहे, पोरगा चाकावर बसतो का ते पाहून या. तेवढं इथे लिहा, मग पुढचं बोलू. आणि तिथे गेलाच आहात तर चारपाच मडकी आगाऊ सांगून ठेवा, लग्नाच्या दिवसांत त्याच्याकडे उरत नाहीत.